बढतीची तारीख उशिरा लागली असेल तर: सैन्यातल्या नोंदी दुरुस्त करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः भारतीय सेनेतील जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्यासाठी आहे. अधिकारी, नौदल आणि हवाई दल यांचे वेगळे नियम शेवटाकडे दिले आहेत.

बढती उशिरा लागली म्हणजे नेमकी कोणती तारीख चुकलेली असते?

अर्ज लिहिण्याआधी हे ठरवा, कारण एकाच बढतीच्या तीन तारखा असू शकतात. पहिली सिनियॉरिटीची, म्हणजे नव्या रँकमध्ये तुम्ही कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे आहात हे ठरवणारी. दुसरी प्रत्यक्ष रँक लावल्याची. तिसरी नव्या रँकचा पगार सुरू झाल्याची. तिन्ही एकच असल्या तर प्रश्न नाही. पण बढतीचा आदेश आला तेव्हा तुम्ही दवाखान्यात, कोर्सवर किंवा लांबच्या पोस्टिंगवर असाल, तर सिनियॉरिटी जुन्या तारखेची आणि रँक लावल्याची तारीख नंतरची, असे होऊ शकते. अशा वेळी सिनियॉरिटी बरोबरच असते, वाद फक्त पगाराचा उरतो. "माझी बढतीची तारीख चुकली" एवढेच लिहिलेला अर्ज नेमके काय दुरुस्त करायचे ते न कळल्यामुळे परत येतो.

चार-सहा महिन्यांचा उशीर झाला तर एवढे काय बिघडते?

बरेच बिघडते. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांनुसार २ जानेवारी ते १ जुलै या काळात बढती झाली तर पुढची वेतनवाढ १ जानेवारीला मिळते. २ जुलै ते १ जानेवारी या काळात झाली तर १ जुलैला. समजा बढती २८ जून २०१९ ला व्हायला हवी होती आणि नोंद ५ जुलै २०१९ ची झाली. वेतननिश्चिती बढतीच्या तारखेपासून घेतली असेल तर पहिली वेतनवाढ १ जानेवारी २०२० ऐवजी १ जुलै २०२० ला येईल. आठवडाभराच्या चुकीने सहा महिने मागे पडतात आणि पुढची वेतनवाढही त्याच मागच्या तारखेवरून चालू राहते.

पगारापेक्षा मोठी गोष्ट सेवेच्या मुदतीची आहे. हवालदाराची सेवा २४ वर्षे आणि वाढीव २ वर्षे, नायब सुभेदाराची २६ आणि वाढीव २, अशी रँकनुसार मर्यादा असते, आणि वयाची अट वेगळी. २६ वर्षे भरत आली असताना नायब सुभेदारकीचा आदेश अडकला, तर माणूस हवालदार म्हणूनच घरी जातो. पुढच्या रँकचा नंबर सिनियॉरिटीवर लागतो, त्यामुळे एका रँकमधली चूक वरच्या प्रत्येक रँकमध्ये पुढे सरकत राहते.

एक अपवाद आहे. ८, १६ किंवा २४ वर्षांच्या सेवेनंतर बढती नसतानाही वेतनपातळी वाढवणाऱ्या एमएसीपी योजनेमुळे वरच्या रँकची वेतनपातळी आधीच मिळाली असेल, तर बढतीची तारीख मागे नेऊनही मूळ पगारात फरक पडत नाही. मग लढाई सिनियॉरिटीची आणि सेवेच्या मुदतीची आहे हे समजून अर्ज करा, थकबाकीची मोठी अपेक्षा ठेवू नका.

उशीर कशामुळे झाला हे कसे शोधायचे?

बढती ही कागदांची साखळी आहे. रोस्टरवर (बढतीच्या क्रमाच्या यादीत) नंबर येतो, जागा रिकामी होते, एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल), शिस्त, मेडिकल, प्रमोशन कॅडर (बढतीआधीचा कोर्स) आणि शिक्षणाच्या चाचण्या तपासल्या जातात, आदेश निघतो, युनिट पार्ट टू ऑर्डर (सेवेतल्या घटनेची अधिकृत नोंद) काढते, रेकॉर्ड ऑफिस ती नोंदवते आणि पीएओ (ओआर), म्हणजे जवानांचे पगार कार्यालय, आयआरएलएमध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक पगारखात्यात, पगार बदलते. कोणती कडी तुटली यावर पुढचा रस्ता ठरतो.

सर्वात जास्त सापडणारी गडबड म्हणजे एखाद्या घटनेची पार्ट टू ऑर्डर निघालेलीच नसते किंवा चुकीच्या तारखेने निघालेली असते. जवान कॅडर मार्चमध्ये पास होतो, ऑर्डर सप्टेंबरमध्ये निघते, आणि रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी तो सप्टेंबरपर्यंत अपात्रच राहतो. पोस्टिंगच्या वेळी हे हमखास होते, कारण जुने युनिट म्हणते नवे काढेल आणि नवे म्हणते जुन्याने काढली असेल.

दुसरी कडी एसीआरची. नायब सुभेदारकीसाठी साधारणपणे शेवटच्या पाच रिपोर्टचा विचार होतो. एक रिपोर्ट पोहोचलाच नसेल, किंवा रिपोर्ट लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ९० दिवस प्रत्यक्ष सेवा न झाल्यामुळे लिहिलाच गेला नसेल, तर केस अपूर्ण म्हणून बाजूला पडते. बरीच वर्षे ईआरईवर, म्हणजे पलटणीबाहेरच्या नेमणुकीवर राहिलेल्यांनी हे आधी तपासावे.

तिसरी कडी कॅडरला न पाठवण्याची. नंबर आला होता, पण ऑपरेशनमुळे किंवा मनुष्यबळ कमी म्हणून युनिटने सोडले नाही. यात जवानाचा दोष नसतो, आणि अशा केसमध्ये सिनियॉरिटी मागण्याला बळ असते. मात्र न सोडल्याचा कागद हवा: कॅडरला बोलावल्याचे पत्र आणि युनिटने दिलेले उत्तर.

रोस्टरमधलीच चूक कमी वेळा होते. भरतीची तारीख, ट्रेड बदलल्यावरची सिनियॉरिटी किंवा आर्मी नंबर चुकीचा चढलेला असतो. ती शोधायला कठीण, पण सिद्ध करायला सोपी.

माझ्यापेक्षा ज्युनियर आधी वर गेला. एवढे पुरेसे आहे का?

नाही. आधी तो तुमच्याच रोस्टरवर आहे का ते पाहा. पायदळात बरीचशी बढती पलटणीच्या रोस्टरवर चालते, तर ईएमई किंवा सिग्नल्ससारख्या कोअरमध्ये रोस्टर रेकॉर्ड ऑफिसकडे, ट्रेडनुसार असतो. सोबत भरती झालेला मित्र दुसऱ्या पलटणीत आधी हवालदार झाला, याचा तुमच्या केसशी संबंध नाही. त्याच रोस्टरवरचा, त्याच ट्रेडचा ज्युनियर आणि त्या तारखेला तुम्ही सर्व अटींत बसत होता, या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात.

कोणते कागद जमवायचे?

बढतीच्या आदेशाची आणि तिच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. कॅडरचा निकाल आणि त्याची पार्ट टू ऑर्डर. शिक्षण व नकाशावाचन चाचण्यांच्या नोंदी. शीट रोलची (सेवेच्या मूळ नोंदपत्रकाची) प्रत. त्या काळात मेडिकल कॅटेगरी खाली आली असेल तर मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१५. ज्युनियरच्या बढतीची तारीख. बढतीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही महिन्यांची पे स्लिप.

यावरून एक पानाचा तारखांचा तक्ता करा: तारीख, घटना, पुरावा. पुढे रेकॉर्ड ऑफिसचा क्लार्क असो की सैनिकांचे वाद ऐकणारे आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, सगळे आधी हाच तक्ता वाचतात. एखादी तारीख फक्त आठवणीतून लिहिलेली असेल तर ती जागा रिकामी ठेवा आणि कागद मागवा.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागता येतात का?

हो. सेना माहिती अधिकार कायदा २००५ च्या कक्षेत येते. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिले अपील ३० दिवसांत आणि केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील ९० दिवसांत. "माझ्यावर अन्याय का झाला" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा: "अमुक तारखेच्या बढतीसाठी वापरलेल्या सिनियॉरिटी रोलची प्रत", "माझ्या कॅडरच्या निकालाची पार्ट टू ऑर्डर, क्रमांक व तारखेसह", "माझी केस ज्या कारणाने थांबवली त्या नोंदीची प्रत".

दुसऱ्याचा एसीआर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जातो. स्वतःच्या एसीआरबाबत देव दत्त खटल्यातला, एसीआरमधली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवावी असे सांगणारा २००८ चा निकाल पुढे करणारे बरेच असतात. त्याच निकालात तो लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाही असे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

चूक फक्त क्लार्ककडून झाली आहे. तक्रारच करावी लागते का?

आधी तक्रार नको. सीओंच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या) नावे साधा अर्ज द्या, एका परिच्छेदात चूक आणि एका परिच्छेदात मागणी. युनिट चुकीची पार्ट टू ऑर्डर रद्द करून किंवा सुधारून नवी काढते, ती रेकॉर्ड ऑफिसकडे जाते आणि तिथून पीएओकडे. आर्टिलरीचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, गार्ड्सचे कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. थेट तिथे पत्र पाठवले तरी ते खुलाशासाठी बहुधा युनिटकडेच परत येते. सेवेत असताना युनिटमार्फतच जा.

अर्जाची पोच सहीशिक्क्यासह घ्या. पोच नसेल तर पुढे मुदत मोजता येत नाही.

युनिट म्हणते चूक नाही, नियमानेच झाले. आता?

आता हा हक्काचा वाद झाला. आर्मी ॲक्ट १९५० चे कलम २६ अधिकाऱ्यांखेरीज सर्वांना वैधानिक तक्रारीचा हक्क देते. कंपनीत असाल तर तक्रार कंपनी कमांडरकडे, आणि तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. ज्याच्याकडे तक्रार येते त्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करायची आणि गरज पडल्यास ती वर पाठवायची असते. हा रस्ता सेनाध्यक्षांपर्यंत जातो.

तक्रारीचा क्रम असा ठेवा. नंबर, रँक, नाव, युनिट. कोणत्या आदेशाविरुद्ध तक्रार आहे. तारखांचा तक्ता. कोणत्या नियमाने किंवा धोरणपत्राने तुम्ही त्या तारखेला पात्र होता. कोणत्या ज्युनियरला आधी बढती मिळाली. शेवटी मागणी, आणि ती नेमकी: "मला नायब सुभेदार या रँकमध्ये १ जून २०१९ पासूनची सिनियॉरिटी, त्या तारखेपासूनची वेतननिश्चिती आणि पुढील रँकसाठी त्यानुसार पुनर्विचार मिळावा." फक्त "न्याय मिळावा" लिहिले, तर सिनियॉरिटी देऊन पगार नाकारता येतो आणि मागणी मान्य झाल्याचेही म्हणता येते.

तक्रार केल्याचा त्रास होईल का?

तक्रार हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो वापरणे गुन्हा नाही. कलम ५६ मात्र वाचून ठेवा. कलम २६ किंवा २७ खालच्या तक्रारीत कोणाच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे लिहिणे किंवा महत्त्वाची बाब मुद्दाम लपवणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून "सुभेदार साहेबांनी मुद्दाम अडवले" असे लिहू नका. "ऑर्डर सहा महिने निघाली नाही" असे लिहा. हेतू सिद्ध करण्याची गरजच नाही, तारीख पुरेशी आहे. लाल शाईची नोंद (शिक्षेची नोंद) असेल तर ती स्वतःहून लिहा.

तक्रारीला उत्तरच आले नाही तर किती थांबायचे?

सहा महिने. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल ॲक्ट २००७ च्या कलम २१ नुसार उपलब्ध उपाय आधी वापरावे लागतात, पण सहा महिने उत्तर आले नाही तर ते वापरले असे धरले जाते. त्यानंतर कलम २२ ची मुदत सुरू होते: अंतिम आदेश आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिने, आणि आला नसेल तर वाट पाहण्याचे सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने. म्हणजे अनुत्तरित तक्रारीसाठी तक्रारीच्या तारखेपासून एकूण एक वर्ष. कॅलेंडरवर ही तारीख लिहून ठेवा. पुरेसे कारण दाखवले तर ट्रायब्युनल उशीर माफ करू शकते, पण "साहेबांनी तोंडी सांगितले की काम होईल" हे कारण फार टिकत नाही.

प्रकरण दहा-बारा वर्षे जुने आहे. काही होऊ शकते का?

इथे खरे सांगायला हवे: सिनियॉरिटीसाठी बहुधा नाही. सर्वोच्च न्यायालयाने युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तरसेम सिंग या २००८ च्या निकालात फरक केला आहे. पगार किंवा पेन्शन दर महिन्याला चुकीचे मिळत असेल तर तो चालू राहणारा अन्याय मानून जुन्या प्रकरणातही दिलासा देता येतो, पण मागची थकबाकी साधारणपणे तीन वर्षांचीच. सिनियॉरिटी आणि बढतीचा प्रश्न मात्र इतरांचे हक्क हलवतो, म्हणून तिथे उशीर घातक ठरतो. मधल्या काळात ज्यांनी रँक लावली आणि पुढे गेले, त्यांना मागे ढकलायला कोणतेही न्यायालय सहज तयार होत नाही.

नवा अर्ज करून आलेल्या नकारावर नवी मुदत मोजणे, हा उपाय अनेक जण सुचवतात. त्याच वर्षीच्या सी. जेकब खटल्यात न्यायालयाने तो रस्ता बंद केला आहे. जुन्या मेलेल्या दाव्याला उत्तर मिळाले म्हणून तो जिवंत होत नाही.

त्यामुळे जुन्या प्रकरणात मागणी पेन्शन आणि वेतनापुरती मांडा. ती मिळण्याची शक्यता बरी असते.

नोशनल बढती म्हणजे काय? थकबाकी मिळते का?

नोशनल म्हणजे कागदोपत्री जुनी तारीख, पण मधल्या काळाचा पगार नाही. सिनियॉरिटी, वेतननिश्चिती आणि पेन्शन सुधारते, थकबाकी येत नाही. यामागे "काम नाही तर पगार नाही" हे तत्त्व आहे. जानकीरामन खटल्यात १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितले की माणूस काम करायला तयार होता आणि त्याचा दोष नसताना प्रशासनानेच त्याला दूर ठेवले, तर हे तत्त्व सरसकट लागू होत नाही. पुढे २००७ च्या भास्करन पिल्लै निकालात प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर पाहायचे, असे म्हटले.

म्हणून अर्जात "मी त्या तारखेला रँक लावायला तयार व पात्र होतो आणि उशिरात माझा हात नव्हता" हे वाक्य पुराव्यासह असलेच पाहिजे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी चालू होती म्हणून डीव्ही बॅन (शिस्त वा दक्षता प्रकरणामुळे बढतीवर बंदी) लागला आणि नंतर निर्दोष सुटलो.

मग मूळ सिनियॉरिटी मागण्याचा तुमचा पाया मजबूत आहे. बॅन कोणत्या तारखेला लागला, कोणत्या तारखेला उठला आणि कार्यवाहीचा शेवट काय झाला, हे तीन कागद जोडा. पूर्ण निर्दोष सुटणे आणि सौम्य शिक्षा होणे यात मोठा फरक आहे. नुसती ताकीद मिळाली तरी उत्तर बदलू शकते. बॅन उठल्याची नोंद रेकॉर्ड ऑफिसला पोहोचली का तेही पाहा, कारण निकाल लागून महिने उलटले तरी यादीत बॅन तसाच राहिलेला सापडतो.

मी अनविलिंगनेस सर्टिफिकेटवर (बढती किंवा कॅडर नको असल्याच्या कागदावर) सही केली होती.

मग केस फार अवघड आहे. घरच्या अडचणीमुळे, पोस्टिंग टाळायला, किंवा कोणी सांगितले म्हणून केलेली ती सही बढती नाकारल्याचा पुरावा ठरते आणि नंतर मागे घेता येत नाही असेच मानले जाते. सही तुमची नसेल, किंवा वेगळ्याच कोर्ससाठी दिलेला कागद कॅडरसाठी वापरला असेल, तरच पुढे जा. सेवेत असलेल्यांना कळकळीची विनंती: हा कागद सही करण्याआधी घरी बोला आणि एक रात्र विचार करा.

मेडिकल कॅटेगरी खाली होती, आता वर आली.

तपासायची ती कॅटेगरी जागा रिकामी झाली त्या दिवसाची. त्या दिवशी ती धोरणात बसत नसेल तर नंतर वर आली म्हणून जुनी तारीख आपोआप मिळत नाही. बोर्डच उशिरा बसला असेल, किंवा दुखापत लढाईतली असेल, तर तो मुद्दा वेगळा मांडा. लढाईत जखमी झालेल्यांसाठी स्वतंत्र सवलती आहेत.

मी निवृत्त झालो आहे. वडील वारले आहेत, त्यांच्या वतीने मागता येईल का?

निवृत्तीनंतर कलम २६ चा रस्ता राहत नाही. रेकॉर्ड ऑफिसकडे स्पीड पोस्टाने अर्ज द्या आणि पोस्टाची पावती जपा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. ट्रायब्युनलचा कायदा निवृत्त सैनिकांना आणि त्यांच्या अवलंबितांना व वारसांनाही लागू आहे, त्यामुळे वीरनारी किंवा मुले दाद मागू शकतात.

तारीख सुधारली की पेन्शन आपोआप बदलत नाही. रेकॉर्ड ऑफिसने सुधारित माहिती संरक्षण लेखा खात्याच्या पीसीडीए (पेन्शन), प्रयागराज यांच्याकडे पाठवावी लागते, तिथून सुधारित पीपीओ (पेन्शनचा आदेश) निघतो आणि तो स्पर्श या पेन्शन पोर्टलवर दिसला पाहिजे.

ट्रायब्युनलमध्ये कुठे जायचे? वकील लागतोच का?

मुख्य पीठ दिल्लीला आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबई पीठ आहे. सेवेत असाल तर पोस्टिंग जिथे किंवा वादाचे कारण जिथे घडले तिथे, निवृत्त असाल तर राहत्या ठिकाणच्या पीठाकडे. स्वतः उभे राहता येते, पण सिनियॉरिटीच्या केसमध्ये वकील घ्यावा असे आमचे मत आहे. ज्यांची सिनियॉरिटी तुमच्यामुळे खाली जाईल त्यांना पक्षकार करावे लागते, आणि हे राहून गेल्यामुळे चांगल्या केस अडकतात.

निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायची वाट अरुंद आहे, सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो. उच्च न्यायालयाचा राज्यघटनेच्या कलम २२६ खालचा अधिकार मात्र कायम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात स्पष्ट केले.

अधिकारी, नौदल आणि हवाई दल यांचे काय?

सेनेतल्या अधिकाऱ्यांची तक्रार कलम २७ खाली केंद्र सरकारकडे जाते. डिसेंबर २००४ पासून कॅप्टन २, मेजर ६ आणि लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांच्या गणनीय सेवेवर होतो. म्हणून त्यांच्या उशिराचे कारण बहुधा सेवा मोजण्यातली चूक किंवा पार्ट बी, पार्ट डी या बढती परीक्षांची नोंद न चढणे हे असते. पगाराचे काम पुण्याच्या पीसीडीए (ओ) कडे आहे. कर्नलपासून पुढे निवड मंडळ असते आणि तिथला वाद वेगळ्या जातीचा आहे.

हवाई दलात एअर फोर्स ॲक्ट १९५० ची कलमे २६ आणि २७ तशीच आहेत, वायुसैनिकांच्या नोंदी दिल्लीत सुब्रोतो पार्कला. नौदलात नेव्ही ॲक्ट १९५७ चे कलम २३, आणि नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला.

दुरुस्तीचा आदेश मिळाला. काम संपले का?

अजून नाही. नवी पार्ट टू ऑर्डर निघाली का, शीट रोलमध्ये तारीख बदलली का, आयआरएलएमध्ये नवी वेतननिश्चिती आणि वेतनवाढीची तारीख आली का, हे एकेक तपासा. वेतननिश्चिती बढतीच्या तारखेपासून की पुढच्या वेतनवाढीपासून, हा पर्याय नव्या तारखेनुसार पुन्हा द्यावा लागतो आणि त्याला मुदत असते. दोन्ही आकडे काढून पाहिल्याशिवाय सही करू नका. नव्या सिनियॉरिटीने पुढच्या रँकचा नंबर आधीच येऊन गेला असेल, तर त्या पुनर्विचाराचा अर्ज वेगळा करा. आदेशात "सर्व अनुषंगिक लाभांसह" असे शब्द असले तरी तो अर्ज तुम्हालाच द्यावा लागतो. अनेक वर्षांची थकबाकी एका वर्षात आली तर आयकरात मिळणारी सवलत मागायला विसरू नका.

तीन महिन्यांनी सेवेतून डिस्चार्ज आहे आणि तक्रार पडून आहे.

मग सहा महिने थांबणे परवडणारे नाही. कलम २१ मध्ये "साधारणपणे" हा शब्द आहे, त्यामुळे तातडी दाखवून ट्रायब्युनलमध्ये आधीही जाता येते आणि डिस्चार्जला अंतरिम स्थगिती मागता येते. तक्रारीची पोच, डिस्चार्जचा आदेश आणि तारखांचा तक्ता घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा. डिस्चार्ज झाल्यावर केस जिंकलात तर पेन्शन सुधारेल, पण वर्दीतली ती वर्षे परत मिळवणे फार कठीण होते.